चार दिवे लागले होते

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "कॉम्प्युटर दुरुस्तीचे अनुभव लिहा. जरा हलकंफुलकं. दिवाळीत लोकांना हसायला आवडतं." मी हो म्हणाले. हसण्यासारखं माझ्याकडे थोडं आहे, ते आधी देऊन टाकते. पुढचं छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

दौंडला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला लागले, तेव्हा टेलिफोनच्या तारेतून घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येऊ लागलं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांना खरं तर मुलगी नको होती. पण दुपारी घरात बायकाच असतात आणि अनोळखी पोराला आतल्या खोलीत घ्यायला त्या राजी नसतात, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बाप्ये मेकॅनिक उंबऱ्यावरून परत यायचे, मी आत जायचे. म्हणून माझी नोकरी टिकली. तिचं श्रेय माझ्या हुशारीला कुणी दिलं नाही आणि मी मागितलंही नाही.

माझं मुख्य काम घरच्या कॉम्प्युटरचं नेट का बंद पडलं ते शोधण्याचं. दौंड, शिरूर आणि मधली गावं. शिरूरला माझं घर, त्यामुळे तिकडच्या तक्रारी अण्णा माझ्याच गळ्यात मारत.

शिरूरला एका खताच्या दुकानदारांच्या घरी दसऱ्यानंतर नेट गेलं. त्यांना आप्पा म्हणतात. मी कॉम्प्युटरच्या मागे बॅटरी मारली. नेटवर्क कार्ड म्हणजे मशीनच्या पाठीमागची एक छोटी खिडकी, टेलिफोनच्या पिनेपेक्षा थोडी रुंद. तिच्यात जाड वायर बसते. या खिडकीत लाल काहीतरी दिसत होतं.

"आप्पा, याच्यात काय घातलं?"

"काय बी न्हाई. खंडेनवमीला पूजा केली. ट्रॅक्टरची केली, वजनकाट्याची केली, मग ह्याचीच न्हाई करायची व्हय?"

चिमट्यानं मी कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा बाहेर काढला. आतल्या बारीक तारांवर बसून त्यानं वायर वर उचलून धरली होती. आप्पांनी दाणा तळहातावर घेऊन कपाळाला लावला. त्यांची बायको दारातून म्हणाली, "अक्षता पुढनं टाकत्यात. मागनं कोण टाकतं?"

"त्याचं तोंड कुठल्या बाजूला हाय, मला काय ठावं?" आप्पा म्हणाले.

वरवंडला एका घरात फक्त रविवारी नेट जायचं. टेलिफोन खालच्या खोलीत, कॉम्प्युटर माडीवर, म्हणून वायर अंगणावरून ताणून नेली होती. मी तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा सगळं ठीक. शेवटी रविवारीच गेले. वायरीवर चार ओल्या गोधड्या वाळत होत्या. घरातली सून म्हणाली, "दोरी हाय की चांगली मजबूत. रंगबी जात न्हाई."

झालं हसून. आता काम कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं त्यावर आहे.

नेट बंद पडलं की आतून बाहेर जायचं. आधी कार्ड स्वतःच्या हाकेला ओ देतं का ते बघायचं. कॉम्प्युटरला स्वतःलाच हाक मारायची सोय असते. मग मॉडेमला हाक मारायची. मॉडेम म्हणजे टेलिफोनची तार आणि कॉम्प्युटर यांच्यामधली डबी. तिनं ओ दिली की तिच्या पलीकडे, टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत. जिथं ओ येत नाही, तिथं फॉल्ट. मॉडेमवर चार दिवे असतात: वीज, टेलिफोनची लाइन, कॉम्प्युटरची वायर आणि इंटरनेट. चारही स्थिर लागले की रस्ता मोकळा. एखादा मिचमिचत राहिला की तिथं थांबायचं.

कुणाचीच ओ आली नाही तर कॉम्प्युटर स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन टाकतो आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दाखवतो. आपण कनेक्टेड आहोत असं त्याला वाटत असतं. त्या पत्त्यावर कुणीच येत नाही.

या धंद्यात सगळ्यात सोपं वाक्य "कार्ड गेलंय" हे. गिऱ्हाइकाला मागची खिडकी कळत नाही. वायरीच्या टोकाच्या क्लिपचा दात तुटून ती ढिली झाली असली तरी कार्ड बदलून नवं लावता येतं. सगळी दुकानं हे करत. मी केलं नाही. माझे वडील शिरूरला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. कंत्राटी कामगार, अंगणवाडीच्या बाया, धरणानं उठवलेली माणसं, ज्यांचं कुणी छापत नसे त्यांची पत्रकं ते जुळवून देत. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी पत्रकं वाचली. "आमच्या मागण्या" हे मला बडबडगीतासारखं पाठ होतं. वडिलांचा नियम एकच: जागेवर जाऊन जे पाहिलं नाही, ते छापायचं नाही. तो नियम मी माझ्या कामाला लावला. जो फॉल्ट नाही, तो सांगायचा नाही. अण्णा यावरून चिडायचे. "तू दुकान चालवती का देऊळ?" असं विचारायचे. मी ऐकून घ्यायचे आणि करायचं तेच करायचे.

आता जुलेखा खालांचं.

दौंडला रेल्वेच्या चाळींच्या मागे त्यांचं घर. नवरा लोको शेडमधून निवृत्त झाला आणि लगेच लकव्यानं आडवा पडला. त्यांना गल्लीतले सगळे चाचा म्हणत. घास घशात अडकायचा, म्हणून खालांशिवाय त्यांना कुणी भरवू शकत नसे. एकच मुलगी, नसीम. जन्मापासून बहिरी, म्हणून मुकी. शाळा जेमतेम दोन वर्षं झाली. आईलेकींनी घरातल्या घरात स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या, त्या दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. नसीमचं लग्न नांदेडला झालं. नवराही बहिरा, फर्निचरच्या कामावर गावोगाव फिरणारा. सासू मायेची होती, पण तिला सुनेच्या निम्म्या खुणा कळत नसत.

खालांच्या पुतण्यानं एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि मी कॅमेरा बसवला. मसाल्याच्या डब्यावर कॅमेरा, समोर पाट घालून खाला. नांदेडला नसीमच्या दिराच्या मुलाचा कॉम्प्युटर होता. दुपारी वीज यायची तेव्हा दोघी समोरासमोर बसत.

पहिल्या दिवशी मी तिथंच होते. चित्र अडखळत येत होतं. खालांनी उजव्या भुवईला बोट लावलं. नसीमच्या भुवईवर तीळ होता, ते तिचं नाव. पलीकडून नसीमनं मनगटावरची बांगडी कोपराकडे सरकवल्यासारखं केलं. ते आईचं नाव. मग दोघींचे हात इतक्या वेगानं चालले की चित्राला झेपेना.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनती, तू वाळली. आन् मागच्या भिंतीला चुना लाव म्हनती." खाला डोळे पुसत हसत होत्या. "बघ की. हितनं गेली तरी घर झाडायचं सांगतीच."

मी त्यांना चार दिवे दाखवले. त्यांना अक्षरं येत नव्हती, दिवे आले. "चारी लागलं की पोर पलीकडं हाय," असं त्यांनी पक्कं करून ठेवलं.

नसीमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिकडच्या डॉक्टरांनी प्रवास करू नको सांगितलं आणि खालांना चाचांना सोडून जाता येईना. म्हणून रोजची दुपार ठरली. नसीम पोटावर मूठ ठेवून उघडझाप करायची. बाळ हलतंय. इकडे खाला तशीच मूठ करून दाखवायच्या. मग बाकीचं बोलणं.

मे महिन्यात विजा सुरू झाल्या. मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत असे: ढग वाजले की विजेची पिन काढा आणि टेलिफोनची तारही काढा. वीज बहुतेक वेळा टेलिफोनच्या तारेतूनच घरात येते. लोक टीव्हीची पिन काढत, फोन तसाच ठेवत. अडीनडीला लागेल म्हणून. त्या मोसमात माझा दिवस जळकी कार्डं काढण्यात जायचा. खालांनी पिन काढली, तार काढली नाही. मॉडेम वाचलं, कार्ड गेलं.

"मी सांगितलं होतं ना, खाला?"

"सांगितलं व्हतं. पर ती तिची वाट हाय. ती आपल्या हातानं कशी काढू?"

मी कार्ड बदललं. स्वतःच्या हाकेला ओ आली. मॉडेमची आली. तिसरा दिवा लागला. दुसरा, लाइनचा, मिचमिचत राहिला. मी वायर बदलली, मॉडेम बदलून पाहिलं, भिंतीतला जोड उघडून पुन्हा बांधला. दिवा मिचमिचतच होता. घरात फॉल्ट नव्हता. बाहेर होता.

तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी उत्तर: डायल टोन आहे, तक्रार बंद. पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. मी एक्स्चेंजमध्ये गेले. टेबलावरच्या माणसानं माझ्यासमोर खालांचा नंबर फिरवला.

"हॅलो, आवाज येतोय का?"

पलीकडून खाला म्हणाल्या, येतोय.

"मग झालं की." त्यानं फोन ठेवला.

मी सांगितलं, इंटरनेट बंद आहे. मुलगी बहिरी आहे, तिला आवाजाचा उपयोग नाही, तिला दिसायला हवं. चेष्टा नव्हती त्याच्या चेहऱ्यावर, खरंच प्रश्न पडला होता. म्हणाला, "बहिऱ्या मुलीला टेलिफोन कशाला लागतो?"

लाइन जिवंत आहे का हे त्यांच्याकडे कानानं तपासायची पद्धत होती, डोळ्यांची नव्हती. ज्या घरात आवाज पोचला, ते घर जगाला जोडलेलं आहे अशी त्यांची खात्री. मी त्या टेबलावर पुष्कळ बोलले. मागच्या रांगेतली माणसं म्हणाली, बाई, आमचं बी काम हाय.

खालांकडे रोज जाऊन मी तो दिवा बघत होते. त्या फोनवरून नांदेडला विचारायच्या, "कशी हाय?" सासू सांगायची, "बरी आहे. जेवते. झोपते." खाला फोन ठेवून मला म्हणायच्या, "तिचं तोंड बघितल्याबिगर मला काय कळतंय, पोरी? बरी हाय म्हंजी काय?"

असेच दिवस चालले होते आणि अण्णांनी मला शहराबाहेरच्या एका बंगल्यावर पाठवलं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचं शेतावरचं घर. नवं कनेक्शन, अर्ज केल्यावर लगेच मिळालेलं. घरात राखणदाराशिवाय कुणी नव्हतं. कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. मी वायर जोडली. चारही दिवे एका दमात लागले.

लाइनमन अजून अंगणातच होते. वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. मी विचारलं, "मामा, पोर्ट कुठून आला?"

एक्स्चेंजमध्ये इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक जागा लागते, तिला पोर्ट म्हणतात. तेव्हा जागा मोजक्याच होत्या. आपल्याकडे मोजकी गोष्ट कुणाच्या दारात जाते, ते वेगळं सांगायला नको.

मामा सायकलला किल्ली लावत थांबले. "तू त्या म्हातारीसाठी भांडती न्हवं?"

"हो."

"वरनं सांगितलं, एक काढ आन् हितं लाव. कुनाचा काढू? मी म्हनलं, जिचं नुसत्या फोनवर भागंल तिचा काढावा. फोन चालू असला म्हंजी मानसाचं अडत न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अडलं व्हय?"

मी त्यांना नसीमचं सांगितलं. ते सायकल हातात धरून चालतच फाटकापर्यंत गेले.

त्या रात्री मी या पोर्टबद्दल एक पत्रक लिहिलं आणि शिरूरला जाऊन वडिलांना दाखवलं. ते वाचून म्हणाले, "जागेवर जाऊन पाहिलंस?"

"पाहिलं. दोन्ही घरं."

"त्या बाईंना विचारलंस?"

नव्हतं विचारलं. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. खाला म्हणाल्या, "माझं नाव नको घालू. पोरीचंबी नको. दिवा लागला पायजे, येवढंच लिव्ह." मी दोन्ही नावं काढली. बंगल्याचं वर्णन ठेवलं, प्लॅस्टिकसकट. वडिलांनी जुळवलं, गुलाबी कागदावर छापलं, आणि मी ते एक्स्चेंजच्या दारात, एसटी स्टँडवर, स्टेशनाबाहेर वाटलं. माणसं घेत, घडी करत, खिशात ठेवत. काहींनी त्यात भजी बांधली. पत्रकाचं हेही होतं, मला लहानपणापासून माहीत आहे.

अण्णांनी ते उभ्यानं वाचलं. "काम तुझं चांगलं हाय," ते म्हणाले. "पर त्या घरात माझी मशीनं जात्यात." मी दुकानाचे पेचकस, टेस्टर, वायर दाबायचा चिमटा काउंटरवर ठेवले. चहा घेऊन जा म्हणाले. मी घेतला नाही.

त्यानंतर दोनच दिवसांत खालांच्या घरी फोन वाजला. नांदेडहून नसीमचे दीर बोलत होते. त्या दिवशी फोनवर आवाज अगदी स्वच्छ होता. बाळ पोटातच गेलं होतं.

पुतण्या जाऊन आला, त्याच्याकडून पुढचं कळलं. नसीम कित्येक दिवस सासूसमोर पोटावर मूठ ठेवून बसायची. बंद मूठ, उघडायची नाही. सासूचा हात धरून दाखवायची. सासूला वाटलं, पोट दुखतंय. तिनं ओव्याचा शेक दिला, पाय चोळले, रात्री तिच्याजवळ झोपली. नवरा कामावर लांब होता. डॉक्टरांची तारीख पुढची होती.

ती मूठ खालांनी एकदा बघितली असती तर त्या पाटावरून उठून ओरडल्या असत्या. बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. जे पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही. पण ती मूठ वाचू शकणारं एकच माणूस होतं, आणि तिच्या घरचा दिवा मिचमिचत होता. एवढं मी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

पोर्ट परत आला. पत्रकामुळे आला, का मामांनी गुपचूप लावला, का त्या बंगल्यात कुणाला नेट नकोच होतं, कुणी सांगितलं नाही. खालांनी शेजारणीकडून निरोप पाठवला: चारी लागलं, ये.

मी गेले. दुपारची वेळ. चाचा पलीकडच्या खाटेवर डोळे उघडे ठेवून पडले होते. खालांनी कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली, मसाल्याचा डबा सरळ केला. मागच्या भिंतीला ताजा चुना लावला होता.

नसीम आली. त्या दिवशी चित्र इतकं स्वच्छ होतं, तसं मी त्या लाइनवर कधी पाहिलं नव्हतं. अडखळत नव्हतं. भुवईवरचा तीळसुद्धा दिसत होता.

खालांनी भुवईला बोट लावलं.

नसीमचे हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

खालांनी पुन्हा भुवईला बोट लावलं. मग घास तोंडाकडे नेल्यासारखं केलं, जेवलीस का. मग मागच्या भिंतीकडे बोट केलं, बघ, लावला चुना. नसीम बघत होती. सगळं बघत होती. पापणीही हलत होती. हात तेवढे तसेच पडून होते, एकावर एक, कुणीतरी तिथं आणून ठेवल्यासारखे.

मग ती पुढे वाकली. तिचा चेहरा पडदाभर झाला आणि चित्र गेलं.

खालांनी काळ्या पडद्यावरून मान वळवून मॉडेमकडे बघितलं. मीही बघितलं. चारही दिवे लागले होते, स्थिर. ते कसे वाचायचे हे मीच त्यांना शिकवलं होतं.

दिव्यांवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "लाइन गेली व्हय गं?"

"हो, खाला," मी म्हणाले. "लाइन गेली."

त्यांनी मान हलवली. "मग बघ काय झालंय ती."

मी पिशवी उघडली, आता स्वतः विकत घेतलेला टेस्टर काढला आणि कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बसले. नेहमीसारखी आतून सुरुवात केली. आधी कार्ड. त्याला हाक मारली, त्यानं लगेच ओ दिली.